ब्रेकवर दोन बोटं

तेलवाडी मागे पडली, की पठार संपत आल्याचं तुमच्या आधी तुमच्या पायांना कळतं. पायडल हलकं होतं, साखळी सैल वाजायला लागते. समोरचा रस्ता ज्या वळणाआड जातो तिथे झाडं नसतात, नुसतं आभाळ असतं. आणखी थोडं पुढे गेलात की त्या आभाळाखाली खानदेश दिसतो. कपाशीची आणि मक्याची शेतं, धुरकट उन्हात चाळीसगावकडे गेलेली रस्त्याची रेघ, आणि त्याच्याही पलीकडे गिरणेचं खोरं.

आश्विनातली सकाळ आहे. वेरूळहून निघालात तेव्हा अंधार होता. मागच्या कॅरिअरवर दोन पिशव्या आणि गुंडाळलेला तंबू, मुक्काम धुळ्याला. टपरीवर चहा घेताना टपरीवाला सायकलची किंमत विचारत नाही, गिअर किती तेही नाही. त्याची नजर जाड टायरांवरून सरकत चाकाच्या मधल्या पोलादी चकतीवर येऊन थांबते.

"ब्रेक बघून घेतलेत ना, दादा?"

हा कन्नडचा घाट. कागदोपत्री औट्रम घाट. माथ्याला छत्रपती संभाजीनगर जिल्हा, पायथ्याला जळगाव. आठ-दहा किलोमीटरांत रस्ता साधारण तीनशे मीटर खाली येतो. हिमालयात सायकल चालवून आलेला माणूस हा आकडा ऐकून हसेल. पण जरा हिशेब करून बघा. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून नव्वद किलो धरा. एवढं वजन तीनशे मीटर खाली आणायचं म्हणजे दोन लाख साठ हजार ज्यूलच्या आसपास ऊर्जा कुठेतरी जिरवायला हवी. थोडी वारा खातो, उरलेली ब्रेकच्या दोन चकत्यांनी खायची. तेवढ्या उष्णतेत टपरीवाल्याचं जवळजवळ लिटरभर पाणी उकळेल. आता तोच हिशेब चाळीस टनांच्या ट्रकला लावा: चारशे लिटर, म्हणजे दोन मोठी पिंपं. घाटात ट्रकचा ब्रेक ‘फेल’ झाला असं वर्तमानपत्रात आपण वाचतो, तेव्हा बहुतेक वेळा झालेलं असतं ते एवढंच. तो तापलेला असतो. ड्रायव्हर पाय दाबून बसलेला असतो आणि खाली काही पकडायला उरलेलं नसतं.

म्हणून या रस्त्यानं इतकी माणसं खाल्ली. उतार भयंकर होता म्हणून नव्हे. सोलापूर-धुळे महामार्गाची सगळी अवजड वाहतूक या अरुंद वळणांतून जात होती म्हणून. २०२३ च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानं जड वाहनांना घाट बंद झाला, ती लांबच्या वाटेनं जायला लागली. आज तुम्ही सायकल घेऊन इथे उभे आहात ते त्यामुळे. दोन-चार वर्षं आधी आला असतात तर टपरीवाल्यानं सायकल टेम्पोत टाकायला सांगितलं असतं, आणि ते त्याचं बरोबरच ठरलं असतं.

बोलिव्हियातही असंच झालं. ला पाझहून कोरोइकोला उतरणारा युंगासचा रस्ता १९३० च्या दशकातल्या चाको युद्धात पकडलेल्या पॅराग्वेच्या कैद्यांकडून खोदून घेतला होता. साठ-पासष्ट किलोमीटरांत तो साडेचार हजार मीटरांवरून बाराशेवर येतो. देशभर गाड्या उजवीकडून चालतात, पण या एका रस्त्यावर उतरणारी गाडी डावीकडून, कड्याच्या बाहेरच्या अंगानं जाते. ड्रायव्हरला आपलं बाहेरचं चाक नेमकं कुठे टेकलंय ते खिडकीतून दिसावं म्हणून. तरीही २४ जुलै १९८३ ला एक बस दरीत गेली आणि शंभरावर माणसं मेली. पुढे नवा रस्ता झाला, ट्रक तिकडे वळले, आणि जुन्या रस्त्यावर जगभरचे सायकलवाले हजर झाले. ट्रक गेले की आपण येतो, हा सायकलवाल्यांचा साधासा इतिहास आहे. त्यात फार शौर्य शोधू नये.

चहाचे पैसे द्या. खोगीर बोटभर खाली घ्या. दोन्ही लिव्हर दाबून बघा. निघा.

पहिली उतरण सरळ आहे आणि तिथेच माणूस चुकतो. वेग पंचवीसचा पस्तीस होतो, पस्तीसचा पंचेचाळीस, आणि कानातला वारा इतर सगळे आवाज पुसून टाकतो. पायडल आडवी ठेवा, दोन्ही पाय एका पातळीत. बूड खोगिरावरून उचलून मागे न्या. प्रत्येक लिव्हरवर फक्त दोन बोटं, बाकीची मुठीवर. ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात नाही. वळणात चाकाला वळू द्यायचं. बाहेरचा पाय खाली, सगळं वजन त्याच्यावर. आणि खड्ड्याकडे बघायचं नाही, कारण जिकडे बघाल तिकडे सायकल जाईल. बघायचं ते वळण जिथे उलगडतं तिथे.

तिथे, पहिल्या मोठ्या वळणावर, रस्त्यासाठी कापलेला कडा उघडा पडलाय. काळा बेसॉल्ट, खाली बोटभर तांबडी पट्टी, तिच्याखाली पुन्हा काळा. तांबडी पट्टी म्हणजे एका लाव्ह्यानंतर दुसरा लाव्हा येईपर्यंत जमिनीला मिळालेली उसंत: माती होण्यापुरता काळ. मग दुसरा लाव्हा येऊन ती माती भाजून निघाली. वरचा थर नवा, खालचा जुना. घाट उतरणारा प्रत्येक माणूस मागे जात असतो. आज एवढंच, की सायकल ते जरा मनावर घेते.

दुसऱ्या वळणावर पाऊस लागतो.

आश्विन गेला. अंधार आहे, पाणी रस्त्यावरून आडवं धावतंय, आणि तुमच्या दिव्याच्या उजेडात डांबर मध्येच संपतं. दोन बोटं दाबता. मागचं चाक सरकतं, पुढचं धरतं, आणि तुम्ही एका शिळेपासून हातभर अंतरावर थांबता. शिळा खोलीएवढी. तिच्या मागे चिखल, झाडं, आणखी शिळा. खाली कुठेतरी ट्रकचे हॉर्न वाजतायत, पुढे नाही आणि मागे नाही अशा अवस्थेत अडकलेल्या ट्रकांचे. ही ३१ ऑगस्ट २०२१ ची पहाट आहे. रात्रभराच्या पावसानं घाटात ठिकठिकाणी दरडी आल्यात, आणि याच पाण्यानं खाली तितूर आणि डोंगरी या नद्या चाळीसगावात शिरल्यात. सकाळ होईल तेव्हा शेकडो जनावरं वाहून गेल्याचं कळेल. घाट कित्येक दिवस बंद राहील.

सायकल खांद्यावर घ्या. घसरत, हातांनी धरत, चिखलातून पलीकडे उतरा. जवळच कुठेतरी म्हसोबाचं देऊळ आहे. ड्रायव्हर तिथे वेग कमी करून हात जोडतात. नीट विचार केलात तर ती व्यवस्था शहाणपणाची आहे. देव मानो वा न मानो, पाय ब्रेकवर जातो.

दरडीच्या पलीकडे पाऊस थांबत नाही, पण सायकल बदलते.

टायर बारीक होतात. डिस्क जाते, ब्रेकच्या तारा जातात, त्यांच्या जागी सळ्या येतात. लिव्हर दाबली की सळी वर ओढली जाते आणि रबराचे ठोकळे रिमला खालून चिकटतात. कोरड्यात ठीक. ओल्या रिमवर ते ठोकळे नुसते सरकत राहतात. याच जातीच्या सायकलींवर मुंबईचे पारशी तरुण १९२३ मध्ये जगप्रदक्षिणेला निघाले होते, आणि त्यांतले हकीम, बापासोला आणि भूमगरा हे तिघं १९२८ मध्ये ती पुरी करून परतले. तुम्हाला इथे एक घाट उतरता उतरता घाम फुटलाय.

एका खिशात हाली शिक्क्याची नाणी आहेत, दुसऱ्यात कलदार रुपया. दोन खिसे, दोन राज्यं. पाठीमागे कन्नड, म्हणजे निजामाचा मुलूख. पायथ्याशी चाळीसगाव, म्हणजे एका वर्षापूर्वी स्वतंत्र झालेला भारत. आणि मध्ये हद्दीवर करोडगिरी, निजामाचं जकात खातं. मीठ असो की कापडाचा तागा, हद्दीवरून गेला की त्याची नोंद आणि त्याचा पैसा. पण गेलं वर्षभर नाक्यावर मिठापेक्षा माणसं जास्त तपासली जातायत. रझाकारांच्या भीतीनं कुटुंबंच्या कुटुंबं अशा वाटांनी खाली उतरलीयत, आणि त्याच वाटांनी रात्री पत्रकं वर चढलीयत.

"रुको! कौन है?"

कंदील वर होतो. तुम्ही थांबता, म्हणजे बुटांचे तळवे जमिनीवर घासत थांबता. शिपाई पिशवी उघडतो. धोतर, भाकरी, टायरचा पंप. त्याचा हात पंपापाशी घुटमळतो, कारण पोकळ वस्तूत कागद मावतो हे त्याला ठाऊक आहे. दांडा ओढून बघतो. हवेचा फुसका आवाज येतो. त्याचं लक्ष मात्र तुमच्याकडे नाही. तो खालचा आवाज ऐकतोय. तुम्हालाही आता ऐकू येतो. एक इंजिन, मग अनेक, खालच्या गिअरवर चढत येणारी.

भाद्रपदातली पहाट, १३ सप्टेंबर १९४८. भारतीय सैन्य आज अनेक बाजूंनी हैदराबाद संस्थानात शिरतंय. चाळीसगावकडून निघालेली तुकडी कन्नड आणि दौलताबादच्या रोखानं आहे. शिपाई पिशवी तुमच्या हातात देतो. कंदील फुंकर मारून विझवतो. मग डोक्यावरची टोपी काढून काखेत मारतो आणि झाडीत चालायला लागतो, घाई न करता. त्यानं पळायला हवं होतं असं तुम्हाला वाटतं. पण घरी जाणारा माणूस पळत नाही.

"बाजूले व्हा! बाजूले व्हा भो!" खालून कुणीतरी अहिराणीत ओरडतं, आणि तुम्ही सायकल कड्याला टेकवता.

घाटाचा एक नियम सगळ्या काळांत सारखाच आहे: चढणाऱ्याला आधी वाट. चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवणं कठीण, उतरणाऱ्यानं थांबावं. तेव्हा तुम्ही थांबता आणि ट्रक एकामागून एक तुमच्या कोपराला लागतील इतक्या जवळून वर जातात. ताडपत्रीखाली जवानांचे गुडघे दिसतात, चेहरे नाहीत. चिखल तोंडावर उडतो. चार दिवसांनी, १७ तारखेला, निजाम शरण येईल आणि ही हद्द हद्द राहणार नाही. आज तरी शेवटचा ट्रक जाईपर्यंत तुम्ही एका संस्थानातून एका देशात जायला रस्त्याच्या कडेला उभे आहात.

पुढचं वळण आणि सायकल लाकडाची होते.

हे हास्यास्पद आहे. दोन लाकडी चाकं, मध्ये एक फळी, पुढे वळवायचा दांडा. पायडलच नाहीत, जमिनीला पाय मारत पळायचं. कार्ल ड्राइसनं जर्मनीत मानहाइमला हे यंत्र १८१७ च्या जूनमध्ये पहिल्यांदा चालवलं, आणि १८१८ मध्ये पेशवाई बुडून खानदेश कंपनीच्या हाती गेला. खानदेशातलं इंग्रजी राज्य आणि सायकल यांच्या जन्मात जेमतेम एका वर्षाचं अंतर. दोघांपैकी कोण टिकलं ते आपण बघतोच आहोत.

रस्ताही आता रस्ता नाही. बैलवाट आहे. गाड्या उतरवताना बैल पुढे जोडून भागत नाही. गाडीच्या मागे ओंडका बांधून तो फरपटत आणायचा, म्हणजे गाडी बैलांच्या अंगावर जात नाही. थांबावं लागलं तर चाकाखाली दगडाची उटी. वाटेच्या कडेला असे दगड पडलेले दिसतात, एकेका बाजूनं झिजलेले.

झाडीतून तीन माणसं बाहेर येतात. धनुष्यं खांद्यावर. तुमच्या लाकडी घोड्याकडे बघून त्यांतला सर्वांत तरुण हसू दाबतो. म्हातारा हसत नाही. तो हात पुढे करतो.

ही लूट आहे असं इंग्रजी कागदांत लिहिलं जाईल. पण घाटांची राखण भिल्लांकडे पिढ्यान्‌पिढ्यांची, आणि राखणीचा त्यांचा हक्कही तितकाच जुना. पेशवाईच्या अखेरच्या दंगलीत आणि १८०३ च्या दुष्काळात हक्क बुडाले, गावं उजाड झाली, आणि राखण करणारे डोंगरात गेले. कंपनीनं आधी त्यांच्यावर फौजा घातल्या, सातमाळ्याच्या डोंगरांत त्यांची रसद तोडली. ते जमलं नाही. मग १८२५ मध्ये त्याच लोकांची पलटण उभारायचं ठरलं, आणि ते काम बावीस वर्षांच्या जेम्स औट्रम नावाच्या लेफ्टनंटकडे आलं. धरणगावला भिल्ल पलटणीचं ठाणं झालं. भिल्लांच्या दक्षिणेकडच्या एजन्सीचं ठाणं इथेच वर, कन्नडला होतं.

औट्रमनं माणसं जिंकली ती शिकारीवर. खानदेशातल्या दहा वर्षांत त्याच्या हजेरीत मारल्या गेलेल्या वाघांचा आकडा त्याच्या चरित्रकारांनी अभिमानानं नोंदवलाय: १९१. त्यावर पंचवीस अस्वलं, पंधरा बिबटे. मला हा आकडा वाचताना पराक्रमाऐवजी हिशेबनीसच दिसतो. पुढे १८५७ मध्ये तो लखनौला गाजला, आणि त्याचं नाव या घाटाला, घाटावरून १९८६ मध्ये जाहीर झालेल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्याला चिकटलं. ज्याचे १९१ वाघ, त्याच्याच नावाचं अभयारण्य. आपल्याकडे गावांची, जिल्ह्यांची नावं बदलली, याच्यावर कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. २०२१ च्या मार्चमध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालून आलेला एक वाघ गौताळ्यात कॅमेऱ्यापुढून गेला. या डोंगरांत कित्येक दशकांनी वाघ दिसला होता. त्याला पाटी वाचता येत नव्हती ते बरं.

म्हाताऱ्याचा हात अजून पुढेच आहे. तुमच्याकडे गुळाचा खडा आहे, तो द्या. तो घेतो, तिघांत वाटतो, आणि खाली बोट करून काहीतरी सांगतो. पुढच्या वळणावर दगड सैल आहेत, एवढं समजतं. हक्क घेतला, राखण केली. व्यवहार पुरा झाला.

सैल दगडांवरून लाकडी चाकं निसटतात. तुम्ही पडता. उठता तेव्हा हातात सायकल तुमचीच आहे, जाड टायरांची, डिस्कची. काळानं ती इथेच परत का दिली असेल, असा प्रश्न पडायच्या आत घाटाचं खोरं सुटतं आणि डावीकडच्या, पाटणच्या खोऱ्यात तुम्ही येऊन पोचता.

रात्र. श्रावणी पौर्णिमा. चांदणं मात्र तांबूस, आणि ते कमी होत चाललंय. देवळाच्या ओट्यावर माणसं जमलीयत, सगळ्यांच्या माना वर. चंद्रग्रहण आहे. शके ११२८ सरलंय, आपल्या हिशेबानं ९ ऑगस्ट १२०७. देवगिरीवर यादव सिंघण राज्य करतोय आणि पाटणला त्याचे मांडलिक निकुंभ. ग्रहणाच्या पुण्यकाळात एका मठाला दान दिलं जातंय. मठ कशासाठी? भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी, सिद्धान्तशिरोमणी आणि त्यासोबतचे इतर. मठ काढणारा चांगदेव, भास्कराचार्यांचा नातू, सिंघणाचा राजज्योतिषी. हे सगळं दगडावर कोरलं जाईल, आणि साडेसहाशे वर्षांनी डॉ. भाऊ दाजी लाड तो दगड वाचून जगाला सांगतील. लेखाचा शेवट मराठीत आहे आणि त्यात मठाचं पोट कसं भरायचं ते लिहिलंय: पाटणच्या बाजारात माल उघडला की गिऱ्हाइकाकडून राजाकडे जाणारी पट्टी आता मठाकडे, आणि तेलाच्या घाण्यांनी द्यायचं पळीपळी तेल. गणित शिकायला आलेल्या पोराच्या दिव्याला तेल कुठून येणार, याचा विचार करणारी माणसं होती ती.

ग्रहणाकडे न बघणारा एकच जण तिथे आहे. सोळा-सतरा वर्षांचा विद्यार्थी. तो तुमच्या सायकलीपुढे उकिडवा बसलाय आणि मागच्या चाकाचे आरे मोजतोय. मोजून झाल्यावर एक आरा दोन बोटांत धरून वाजवतो. कान लावतो. दुसरा वाजवतो. मग तुमच्याकडे बघून विचारतो, यात पारा कुठे आहे?

तुम्हाला कळायला क्षण लागतो. सिद्धान्तशिरोमणीच्या यंत्राध्यायात भास्कराचार्यांनी एक स्वयंवह चाक सांगितलंय. हलक्या लाकडाचं चक्र, त्याला सारख्या मापाचे पोकळ आरे, सगळे एकाच बाजूला किंचित कललेले. आऱ्यांत अर्धा पारा भरून तोंडं बंद करायची. आसावर ठेवलं की चाक आपलं आपण फिरत राहील. या पोरानं ते पाठ केलंय. आणि आज त्याच्यापुढे डोंगरावरून आपलं आपण उतरलेलं चाक उभं आहे.

पारा नाही, तुम्ही सांगता. मागचं चाक उचलून पायडलला एक झटका देता. चाक फिरतं. फ्रीव्हीलची टकटक त्या शांततेत फार मोठी वाटते. पोरगा हरखतो. टकटकीचं अंतर वाढत जातं, चाक मंदावतं, डुलतं आणि उभं राहतं. त्याचा चेहरा पडतो. थांबलं?

थांबतंच. हे त्याला सांगायला तुम्हाला धीर होत नाही, कारण हे सांगायला युरोपलाही पुढची सहाशे वर्षं लागणार आहेत. मग तुम्ही हँडलवरचा मीटर दाखवता. उतरताना हा क्षणोक्षणीचा वेग सांगतो. इथे मात्र तो चकित होत नाही. तात्कालिक गती, तो म्हणतो, त्यात काय. दिवसाची सरासरी गती वेगळी आणि या क्षणाची वेगळी, चंद्र रोज सारखा चालत नाही, म्हणून तर त्या क्षणाची गती काढावी लागते. ते ग्रहगणितात आहे. तो हातानंच वर दाखवतो. चंद्र पुन्हा उजळायला लागलाय, गणितात निघाला होता तेव्हाच.

निघताना तो मठाच्या दिव्यातलं थेंबभर तेल तुमच्या साखळीवर सोडतो. बाजारपट्टीतलं आहे, चालतं.

यापुढे वळणं भराभर येतात आणि काळही थांबायला तयार नाही. त्याच खोऱ्याच्या माथ्यावर पितळखोऱ्याची लेणी, छिन्नीचे आवाज, सातवाहनांच्या काळातलं ऊन. पैठणचा गंध विकणारा व्यापारी इथे दान देतोय. कण्हदास नावाच्या सोनारानं एक बुटका, ढेरपोट्या, हसरा यक्ष घडवून त्याच्या हातावर आपलं नाव कोरलंय. तो यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात हसतोय. खाली गाड्यांची रांग. पैठणहून भडोचला वीस दिवसांची वाट, गाड्यांत गोमेदाचे दगड, आणि रस्ता म्हणावा असा रस्ता नाही, असं एका ग्रीक दर्यावर्दीच्या प्रवासवहीत लिहिलेलं आहे. दोन हजार वर्षांत तक्रार बदललेली नाही.

मग माणसंच नाहीत. झाडं नाहीत. पायाखाली काळा, अजून गरम खडक, क्षितिजावर जमिनीला गेलेल्या भेगेतून वर येणारा तांबडा उजेड. सहा कोटी साठ लाख वर्षं. इथे ब्रेक लागत नाही, कारण टायर वितळतायत, आणि इथे थांबण्यासारखं काही नाही.

हॉर्न.

एसटीची लाल बस तुमच्या उजव्या कोपराशेजारून निघून जाते. खिडकीतला मुलगा हात हलवतो. डांबर, पांढरा पट्टा, आश्विनाचं ऊन. उतार संपत आलाय. डोळ्यांतून पाणी येतंय आणि ते वाऱ्यामुळे आहे असं तुम्ही ठरवता. सपाटीला लागून सायकल आपली आपण बरंच अंतर जाते, मग मंदावते. ती पूर्ण थांबायच्या आधी पाय टेका.

चकतीवर पाण्याचे दोन थेंब टाका. चर्र आवाज येतो. बोट लावू नका. १९७६ च्या २१ ऑक्टोबरला कॅलिफोर्नियात टॅमलपायसजवळच्या एका डोंगरावर काही पोरांनी जुन्या, जड, जाड टायरांच्या सायकली घेऊन उतरणीची पहिली शर्यत लावली. सव्वातीन-साडेतीन किलोमीटरांत चारशे मीटर उतार, तुमच्या घाटापेक्षा कितीतरी उभा. ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात, उलटं पायडल मारून लावायचे. खाली पोचेपर्यंत तुंब्यातलं ग्रीस धूर होऊन उडून जायचं आणि प्रत्येक फेरीनंतर नवं भरावं लागायचं. त्या रस्त्याला नाव पडलं ते त्यावरूनच: रिपॅक. माउंटन बाइकचा इतिहास इथून सुरू झाल्याचं सांगतात. मला त्यात आवडतं ते हे की जिंकलेल्याच्या नावानं नाही, जळालेल्या ब्रेकच्या नावानं शर्यत ओळखली गेली. कन्नड घाटातल्या कुठल्याही ड्रायव्हरला हे नाव समजावून सांगावं लागणार नाही.

पॅड तपासा. अर्धे झिजलेत. मागचे जास्त, कारण सामान मागे होतं आणि घाबरल्यावर तुमचा उजवा हात आधी आवळतो. सुटे पॅड पिशवीत तळाशी आहेत. ते चाळीसगावात बसवा. इथे उन्हात बसून स्क्रू हरवायचा नाही.

बांधावर शेळ्या घेऊन उभा असलेला माणूस मघापासून तुमच्याकडे बघतोय. पागोटं, हातात बाभळीची काठी, पायात टायरच्या वहाणा. रबराची नक्षी अजून शाबूत आहे. कुठल्यातरी ट्रकचं टायर असणार.

"कथा चालनात भो?"

धुळ्याला, तुम्ही सांगता.

तो सायकलीकडे बघतो, मग उत्तरेकडच्या सरळ रस्त्याकडे. चाळीसगाव, मेहुणबारे, गिरणेचा पूल, आणि पुढे धुळ्यापर्यंत उन्हात पसरलेलं सपाट रान. वारा समोरून आहे.

"मंग आते पाय माराना पडतीन," तो म्हणतो, आणि शेळ्या रस्त्यापलीकडे हाकलतो. तुम्हाला परत दोन्ही ब्रेक दाबावे लागतात.